तारलीचं गाऱ्हाणं

"थंय मार खड्डो, माडाच्या मुळात," भाई म्हणाला. "हय कातळ लागतलो. थंय माती मऊ आसा. आणि माडाक पण बरा, नारळ धरतले."

बाबलीने हातातला पिकाव खाली टाकला.

"ती खत न्हय."

"मी खंय म्हणतंय तसा?"

"तसाच म्हटलंस. माडाक मासळेचा खत घालतत, तसा माका सांगतंस. आणखी एक शब्द बोल, हो पिकाव तुज्या टकलेत घालतंय."

भाईने घमेलं उचललं. चाळीस वर्षांचा शेजार. दोघांची घरं एका कुंपणाच्या दोन बाजूंना, भाताचे कुणगे एका बांधाच्या दोन बाजूंना. बाबलीचा राग त्याने पुष्कळ वेळा पाहिला होता, पण असा पाहिला नव्हता.

खळ्याच्या कडेला गोणपाटाखाली बाबलीची कुत्री तारली होती. गोणपाट आखूड पडलं होतं आणि शेपटी बाहेर राहिली होती. बाबली तिकडे बघत नव्हता. त्याने पिकाव उचलला आणि पुन्हा खणायला लागला. वीतभर लाल माती गेली की खाली चिरा. पिकाव आदळला की कोपरापर्यंत झिणझिण्या येत. भाताच्या दिवसांतलं ऊन, सकाळी नऊलाच पाठ भाजत होतं. भाई घमेल्याने माती उपसत होता आणि मधून मधून म्हणत होता, "ज्या कोणी लायल्यान आसात, तेचे हात झडतले. बग तू."

झालं होतं ते असं. भात पिवळं झालं की डोंगरातून रानडुकरं उतरतात. खातात थोडं, पण लोळून आणि तुडवून कुणगाच्या कुणगा सपाट करतात. त्याच दिवशी उजाडताना भाईच्या भातात डुकरं फुरफुरताना बाबलीला ऐकू आली. रोजच्यासारखी त्याने तारलीची साखळी सोडली आणि म्हणाला, "जा गो, भाईच्या भातात आसत." ती सुटली. दोनदा भुंकली. मग जो आवाज आला तसा कुत्र्याचा आवाज बाबलीने जन्मात ऐकला नव्हता. तो बांधावरून धावला. भाईच्या कुणग्याच्या वर, काजूच्या जाळीत, तारली फासकीत अडकली होती. गाडीच्या क्लचच्या वायरीचा सरकता फास, डुकरांच्या वाटेवर लावलेला, दुसरं टोक काजूच्या बुंध्याला. जेवढी ओढ घ्यावी तेवढी वायर आवळते. फास तिच्या कमरेला बसला होता. बाबली लांबून हाका मारत येत होता आणि ती त्याच्याकडे यायला ओढ घेत होती. पक्कड आणायला तो घरी गेला आणि परत येईपर्यंत सगळं संपलं होतं.

हाका मारल्या नसत्या तर ती एका जागी थांबली असती. हे त्याने कोणाला सांगितलं नाही.

तारली घरात आली ती सहा वर्षांपूर्वी. बाबलीची बायको लक्ष्मी मागच्या दारी तारल्या साफ करत बसली होती. कुठूनसं एक पिल्लू आलं आणि एक तारली तोंडात धरून पळालं. लक्ष्मी शिव्या देत त्याच्या मागे लागली, आणि परत आली ती पिल्लू काखेत घेऊन. नाव ठेवायला वेळ लागलाच नाही.

लक्ष्मीला जाऊन दोन वर्षं झाली. बाराव्याला जेवून पाहुणे गेले. मुलगी संचिता रजा संपली म्हणून मुंबईला गेली. तारली राहिली. बाबली पेज दोघांपुरती शिजवायचा आणि जेवताना बोलायचा. आज मीठ जास्त झाला गो. आज लाइट गेली ती अजून येवक नाय. दुसरं बोलायला घरात होतं कोण?

दुपारी तोडलेली वायर हातात घेऊन तो प्रीतमच्या दुकानावर गेला. बाकड्यावर चार-पाच जण बसले होते. त्यांच्यासमोर त्याने वायर टाकली.

"ही कोणाची?"

"वायर आसा," एक जण म्हणाला.

"वायर आसा ता माका दिसता. कोणाची ता इचारतंय."

सुशांत उपसरपंच होता. त्याने आजूबाजूला बघितलं आणि आवाज खाली आणला. "बाबलीकाका, ही घरी नेवन ठेव. फॉरेस्टवाल्यांका कळला तर आख्ख्या वाडयेची चवकशी होतली."

"होवदे."

"एका सुण्यापायी गावाक कोठडेत घालतलंस?" प्रीतम काउंटरमागून म्हणाला. "मगे बारावो पण घाल तेचो. काळ्या वाटाण्याचो सांबारो नि वडे कर. आमी येतो जेवक."

दोघे हसले. बाबली प्रीतमकडे बघत राहिला.

"लक्ष्मीच्या बाराव्याक इल्लंस तू. सात वडे खाल्लंस. मी वाढलंय म्हणान माका म्हायत. तेच्या मागसून दोन वर्सात तिचा नाव तरी काढलंस? ता सुणा रोज सांजच्या वक्ताक तिच्या वाटेर जावन बसा. तुज्यापेक्षा ता बरा."

प्रीतमने बरणीचं झाकण काढलं आणि परत लावलं. पुढे कोणी बोललं नाही.

बोलणार कसे? रानडुक्कर पडलं की वाडीत वाटे होतात. केळीच्या पानात बांधलेला वाटा घरोघरी जातो. कोणी मारलं, कसं मारलं हे विचारायचं नाही. घ्यायचा आणि दार लावायचं. ज्याने वाटा घेतला तो भागीदार, ही इथली रीत. म्हणतात, खाता तेका खवखवता. इथे खवखवत सगळ्यांना होतं, पण तोंड कोणी उघडत नव्हतं. बाबलीला ते कळत होतं, कारण त्याच्याही घरात वाटा येत होता. मटण त्याने खाल्लं होतं आणि हाडं तारलीने. ते आठवलं की त्याचा राग कमी होण्याऐवजी वाढायचा.

संध्याकाळी संचिताचा फोन आला. भाईच्या घरून तिला कळलं होतं. ती थोडी रडली, मग म्हणाली, "बाबा, मितेश म्हणतो आपण दुसरं पिल्लू आणूया. चांगल्या जातीचं. मी इथून बघते."

"तुजी आवस गेली तेवा दुसरी बघलंस काय गो?"

बाबलीने फोन ठेवून दिला. जावयाने चांगल्या मनाने सांगितलं होतं हे त्याला माहीत होतं. तरी त्याने परत फोन केला नाही.

तिसऱ्या दिवशी तो तातू घाड्याकडे गेला.

ज्याला कुठे न्याय मिळत नाही तो रवळनाथासमोर नारळ ठेवतो. घाडी त्याच्या वतीने गाऱ्हाणं घालतो आणि जमलेली माणसं "व्हय म्हाराजा" म्हणतात. गावाचा तो होकार पडला की नारळ फुटतो आणि गाऱ्हाणं देवाला पोचतं. तातू ऐंशीला आला होता. गेली पन्नास वर्षं गावची गाऱ्हाणी त्याच्याच तोंडून देवाला गेली होती.

"सुण्याचा गाऱ्हाणा?" तो म्हणाला. "बाबली, माणसाचा घालतत. गोरवाचा घालतत. माडार चोरी झाली तर घालतत. सुण्याचा माज्या बापाशीन घालूक नाय नि आज्यान पण घालूक नाय."

"नारळ चोरलो तर देवाक चलता. जीव घेतलो तर चलत नाय?"

"तसा मी म्हणूक नाय."

"मगे कसा? तू राखणदाराक वर्साक कोंबो दितंस. कित्याक दितंस? तो गाव राखता म्हणान. ती माजा घर राखी. भाईचा भात राखी. तिना कोंबो मागूक नाय कधी. पेज खाल्ल्यान नि राखण केल्यान."

तातू बराच वेळ सुपारी कातरत राहिला. मग म्हणाला, "तुजी लक्ष्मी असती तर तिना तुका थांबयला असता."

"ती असती तर माज्या आदी ती इली असती तुज्याकडे. आणि तिच्या तोंडाक तू पुरलं नसतंस."

तातू हसला. "ता खरा. सोमवारी ये. न्हावन ये."

सोमवारी देवळात माणसं जमली ती निम्मी गंमत बघायला. भाई मागे, खांबाजवळ उभा होता. तातूने नारळ देवापुढे धरला आणि त्याचा म्हातारा आवाज चढला.

"बा देवा रवळनाथा म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले.

"आज हो तुजो लेकरू बाबली तुज्या पायाकडे नारळ घेवन इलो हा म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा."

"तेच्या दाराची राखण कोणी तरी फासकी लावन मारल्यान हा म्हाराजा..."

आता आवाज पातळ झाले. चार-पाच जणच म्हणाले.

"तर ज्या कोणी ही फासकी लायल्यान आसात, आणि ज्येंका ज्येंका ता म्हायत आसान जे गप रवले आसत, तेंका तू गोडीन जेवक देव नको, सुखान निजाक देव नको, तुज्या फुड्यात येवन सांगी पावत तेंची पाठ सोडू नको, म्हाराजा..."

कोणी बोललं नाही. 'गप रवले आसत' हे बाबलीनेच तातूला घालायला सांगितलं होतं. त्या शब्दांत अख्खी वाडी सापडली होती. तातू थांबला आणि परत म्हणाला, "म्हाराजा." कोणाचा तरी मोबाइल वाजला, तो घाईने बंद झाला. माणसं पायांच्या बोटांकडे बघत होती.

"व्हय म्हाराजा," बाबली एकटा म्हणाला.

तातूने मान हलवली. "एकट्याचा चलना नाय."

नारळ न फोडता त्याने देवाच्या पायाशी ठेवला. "अर्ध्यार रवला," तो म्हणाला आणि टॉवेल खांद्यावर टाकून घरी गेला.

अर्ध्यावर राहिलेलं गाऱ्हाणं काय असतं ते गावाला दोन दिवसांत कळलं. जत्रेची तारीख देवाचा कौल घेऊन ठरते. तातू कौल घालायला तयार होईना. एक गाऱ्हाणं लोंबकळतंय, त्याच्यावर दुसरं कसं घालू, असं त्याचं म्हणणं. दशावताराच्या कंपनीला तारीख सांगायची होती. मुंबईच्या चाकरमान्यांचे फोनावर फोन यायला लागले. शेवटी सुशांत आणि प्रीतम बाबलीच्या खळ्यात येऊन उभे राहिले.

"काका, आता पुरे झाला," सुशांत म्हणाला. "सुण्यापायी जत्रा अडली म्हणान शेजारचे गाव हसतत आमका."

"हसूदेत."

"तू नारळ उचल. तातू म्हणता, ज्येचो नारळ तेना उचललो तर गाऱ्हाणा मोडता."

"आणि ज्येना मारल्यान तो?"

"तो कोण ता आमका काय म्हायत?"

"मगे 'व्हय' म्हणूक काय झाला होता तुमका? म्हायत नाय तेका भिया कसला?" बाबली पडवीतून खाली उतरला. "देवाफुड्यात तोंड उघडला नाय तुमचा, नि माज्या खळ्यात येवन उघडता? चला, वाटेक लागा."

प्रीतम जाता जाता म्हणाला, "करून गेलो गाव आणि कांदळगावकाराचा नाव, तसा झाला ह्या. ज्येना केल्यान तो घरात बसलो नि आमी शिवे खातो." सुशांतने त्याचा दंड धरून त्याला पुढे ढकललं, तेव्हा बाबलीला कळलं की ह्यांना नाव माहीत आहे.

त्याच दुपारी भाईची बायको रुक्मिणी आली. खळ्याच्या कडेला, नवीन माती होती तिथे क्षणभर उभी राहिली. मग पडवीच्या पायरीवर येऊन बसली.

"भावजी, माज्या घोवान लायल्यान ती."

बाबली सुंभ वळत होता. त्याचे हात थांबले.

"सात दिस झाले, ताटार बसता नि उठता. काल माका सांगल्यान. म्हणता, बाबलीक कसा सांगू, मीच खड्ड्यातली माती काढलंय."

"तेका तोंड नाय?"

"धीर होना नाय तेका."

"फासकी लावक झालो तो धीर?"

"तुमी काय ता बोला तेका," ती म्हणाली. "मारूचा तर मारा. पण असा गप ठेवू नकात तेका. गळान जातलो तो." ती उठून गेली.

भाई आपल्या कुणग्यात भात कापत होता. निम्मा कुणगा आडवा झाला होता, कणसं चिखलात गेली होती, आणि उरलेलं भात तो मुठी मुठीने वेचून कापत होता. बाबली बांधावर उभा राहिला.

"उठ."

भाईने वर बघितलं आणि त्याला कळलं. विळा हातातच होता.

"तिना सांगल्यान?"

"तुज्या तोंडान सांगूक काय झाला होता?"

"ह्या बग," भाई म्हणाला. त्याचाही आवाज चढला. "तीन कुणगे गेले. आवंदा घरात तांदूळ येवचो नाय. तारली दोन डुकरां परतवी, चार नवी येत. मी काय करू? आरत्यो ओवाळू तेंका? चार फासक्यो लायलंय. एक रात लावया म्हटलंय, उजाडाच्या आदी काढतलंय. डोळो लागलो माजो. उठलंय तवसर तुजी हाक आयकाक इली."

"माका सांगूचा होता. 'बाबली, आज सोडू नको.' चार शब्द. जीब झडली असती तुजी?"

"सांगलंय असतंय तर तू लावक दिलं असतंस?"

"नसतंय दिलंय."

"मगे?"

"मगे काय?" बाबली बांधावरून खाली उतरला. "माज्या भातात एक डुकर नव्हता त्या दिसाक. एक नव्हता. तुज्या भातात होती. मी तिका म्हटलंय, जा गो, भाईच्या भातात आसत. ती तुज्या भातासाठी गेली नि तुज्या वायरीत मेली. आणि तू माज्या खळ्यात माती उपसतंस नि म्हणतंस, लायल्यान तेचे हात झडतले."

"ता मी माकाच म्हणी होतंय," भाई म्हणाला.

बाबलीने खाली वाकून ओल्या मातीचं ढेकूळ उचललं आणि फेकून मारलं. ते भाईच्या छातीवर फुटलं. भाई हलला नाही.

"आणखी मार."

"मी मारलंय तर तुजा फिटला, असा वाटता तुका. तसा मी होवक दिवचंय नाय. सोमवारी देवळात ये. सगळ्यांच्या फुड्यात, तुज्या तोंडान सांग."

"वाडी काय म्हणात?"

"वाडी काय म्हणता ता मी गेल्या सोमवारी आयकलंय."

सोमवारी देवळात उभं राहायला जागा नव्हती. भाई धुतलेला सदरा घालून आला होता. तातूने त्याला देवापुढे उभं केलं. रुक्मिणी बायकांच्या बाजूला पदर घट्ट धरून उभी होती.

"चार फासक्यो लायल्लंय," भाई शेवटी म्हणाला. "तीन काढलंय. चवथी तारलेक लागली. बाबलीक सांगूक नाय. मागसून पण सांगूक नाय. माजी चूक."

कोणी विचारलं नव्हतं, तरी भिंतीजवळून प्रीतम म्हणाला, "माज्यो दोन आसत व्हाळाकडे. सांजच्याक काढतंय." सुशांतने त्याच्याकडे डोळे मोठे केले, पण मग आणखी एक हात वर झाला, आणि आणखी एक.

तातूने अर्ध्यावर राहिलेलं गाऱ्हाणं उचललं. "बा देवा म्हाराजा, ज्येच्याकडना चूक झाली तो आज तुज्या फुड्यात उबो आसा, तेका पदरात घे, आणि जे गप रवले तेंका पण पदरात घे, म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा."

असा होकार त्या देवळात बऱ्याच वर्षांत झाला नव्हता. अडलेली जत्रा मोकळी झाली होती, सगळ्यांचे गळे सुटले होते. फक्त बाबलीचे ओठ मिटलेले होते. तातूने नारळ हातात धरून ठेवला.

"बाबली, गाऱ्हाणा तुजा. शेवटचा 'व्हय' तुजा लागता."

माणसं वळून बघायला लागली. बाबली भाईकडे बघत होता. भाई दहा-बारा दिवसांत वाळला होता, सदरा अंगावर लोंबत होता. ते बाबलीला दिसलं, आणि दिसलं म्हणून त्याला आणखी राग आला.

"व्हय म्हाराजा," तो म्हणाला.

नारळ फुटला. माणसं लगेच जत्रेचं बोलायला लागली. भाई गर्दीतून वाट काढत त्याच्याजवळ आला.

"बाबली."

"देवान सोडल्यान तुका," बाबली म्हणाला. "मी नाय सोडूक. मी 'व्हय' म्हटलंय ता गावासाठी."

"मगे मी काय करू?"

"ता माका इचारू नको."

दर वर्षी दोघं एकमेकांचं भात कापायचे. आधी ज्याचं पिकेल त्याचं, मग दुसऱ्याचं. त्या वर्षी बाबलीने आपलं भात एकट्याने कापलं. तीन दिवसांचं काम, त्याला नऊ दिवस पुरलं. भाई रोज सकाळी विळा घेऊन बांधापर्यंत यायचा आणि तिथे उभा राहायचा. बाबलीने त्याला ये म्हटलं नाही, आणि जा पण म्हटलं नाही.